गौरम्माच्या नावावरची एकोणतीस पुस्तकं

तव्यावर भाकरी टाकली आणि दार वाजलं. सकाळी आठला आमच्याकडे दूधवाल्याशिवाय कुणी येत नाही. बघते तर गौरम्मा. मी शिकले त्या कॉलेजच्या ग्रंथालयातली शिपाई. आम्ही पोरी तिला मावशी म्हणायचो.

"अक्का, एक अर्ज लिहून द्या की," म्हणाली आणि ओट्यापाशी जमिनीवरच बसली.

अक्कलकोटकडची ही कानडी बाई सत्तावीस वर्षांपूर्वी कामाला लागली. मराठी वाचायला शिकली ती पुस्तकांच्या पाठीवरची नावं बघून. आम्ही चिठ्ठीवर अर्धवट काहीतरी खरडायचो, 'हातमागावरचं, पातळसं', आणि ही शिडी लावून नेमकं तेच काढायची. वर दटावायची, पानं दुमडू नका, सासऱ्याचं धोतर न्हाय ते.

आता नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या. नव्या ग्रंथपालांनी पाठीवरची नावं वाचून यादी केली, तर एकोणतीस पुस्तकं कमी भरली. लगेच फलकावर कागद लागला: शिपाई गौरम्मा यांच्या हलगर्जीपणामुळे गहाळ. चोरी म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून हलगर्जीपणा! तिला ग्रंथालयात यायची बंदी, काम व्हरांडा झाडायचं. महिनाअखेरीला निवृत्ती, आणि जाताना नावाला हा डाग.

"हरवलं न्हाय अक्का. कपाटातच हाय. त्यांना दिसंना."

पातळ पुस्तकं सुटी राहिली की फाटतात, म्हणून आधीचे ग्रंथपाल दोन-तीन एकत्र शिवून एकाच पुठ्ठ्यात बांधून घ्यायचे. बाइंडरकडे गठ्ठे न्यायची-आणायची हीच. पाठीवर नाव फक्त पहिल्याचं. पोटातली बाकीची यादीत येणार कशी? पण पुठ्ठा उघडून बघायचे कष्ट एकानंही घेतले नाहीत. संशोधन करणारी अपेक्षा नावाची मुलगी हातमागांच्या एका जुन्या पाहणीच्या अहवालासाठी महिनाभर हेलपाटे घालतेय. तिलाही 'गहाळ' सांगून परत पाठवलं. ती पाहणी खिडकीजवळच्या कपाटात, सूत रंगवायच्या पुस्तकामागं शिवलेली आहे, हे गौरम्मा मला स्वयंपाकघरात बसून सांगत होती.

ग्रंथपालांनाही सांगायला गेली होती. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "मावशी, तुम्हाला वाचता येतं का?"

माझं डोकंच फिरलं. गॅस बंद केला आणि दोन पानं लिहून काढली. अपमान, सत्तावीस वर्षांची सेवा, फलकापुढं उभं राहून जाहीर माफी, काही सोडलं नाही. तिला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, लई झालं अक्का, माफी घेऊन काय करू, पुस्तकं दिसली की तो कागद त्यांनाच काढावा लागंल. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण अर्ज तिचा होता. नवा कागद घेतला आणि तिनं सांगितलं तेवढंच लिहिलं:

'मला एक तास ग्रंथालयात जाऊ द्यावे. ग्रंथपाल साहेबांनी सोबत उभे राहावे. एकोणतीस पुस्तके मी काढून टेबलावर ठेवते.'