ठिपका केवढा धरायचा

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे ताईंना, कारखान्यात माघारी 'घार' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

कारखाना चिनी मातीच्या कपांचा. भट्टीतून निघालेले कप गाडीवरून ताईंच्या लांबलचक टेबलाशी येतात. ताई कप उचलतात, बोटांवर फिरवतात, नखाने टिचकी मारतात. बद्द वाजला तर सरळ भंगारात. खणखणीत वाजला तर डोळ्यांजवळ नेऊन बघायचा: स्वच्छ असला तर पहिला माल, ठिपका असला तर दुसरा. आमच्याकडे आल्या तरी टिचकी मारल्याशिवाय त्या कप तोंडाला लावत नाहीत.

यंदा तिथे कप तपासणारं कॅमेऱ्याचं मशीन यायचं ठरलं. कपांना झिलई देणारा विभाग आणि तपासणी एकत्र करून वर एकच मुख्य नेमायची, असंही ठरलं. नावं दोघींची होती. एक ताई आणि दुसरी झिलईच्या सकाळच्या पाळीची प्रमुख, वयाने ताईंच्या लेकीएवढी, गोल चष्मा लावणारी. तिचं नाव घेणं ताईंच्या जिभेला जड जायचं. "ती चष्मेवाली," एवढंच.

कामावरून परतताना ताई आमच्या स्वयंपाकघरात टेकायच्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच चष्मेवाली सुरू व्हायची.

"जेवणाच्या सुट्टीत सगळ्या तिच्याभोवती. एवढं काय गं हसायला असतं तिथे?"

"तुम्हीही जाऊन बसा की डबा घेऊन."

"मी? माझा डबा काय रस्त्यावर पडलाय?" मी कोथिंबीर निवडत होते, त्यातली एक काडी त्यांनी उगाच उचलून मोडली. "आणि आठवडा संपला की सगळ्यांना गोळा करून विचारते, माझं काय चुकलं? ते सांगतातही! चूक काय विचारायची असते? चूक दाखवायची असते."

"तुमची दाखवली कुणी कधी?"

"असली तर दाखवतील ना!"

मी हसू गिळलं. नवं मशीन कसं चालतं हे चष्मेवाली आधीच शिकून आली होती. हे कळलं त्या दिवशी ताईंचा जळफळाट इतका वाढला, की माझी भाजीही त्यांना अळणी लागली.

याच सुमारास चष्मेवालीचा बराच माल दुसऱ्यात जायला लागला. गाडीला पाळीप्रमाणे पाटी असते, सकाळची निळी, दुपारची पिवळी. निळ्या गाडीतले कप ताई भराभर बाजूला काढत. "लक्ष सगळं हसण्यात, मग झिलईवर ठिपके पडणारच," असं त्यांचं म्हणणं.

मग एका दुपारी दोन्ही गाड्या तपासून झाल्यावर गाडीवाले काका डोकं खाजवत आले. "ताई, घोळ झाला. पाट्या उलट्या लागल्या. निळी ती पिवळी समजा." एवढं बोलून ते गेलेसुद्धा.

ताईंसमोर दुसऱ्या मालाचा ढीग होता, आणि तो चष्मेवालीचा नव्हताच. तो होता दुपारच्या पाळीचा. त्या पाळीबद्दल ताईंची कधी तक्रार नसे. त्यांनी एक कप उचलला. खसखशीएवढा ठिपका. मग पहिल्या मालातला, म्हणजे खरा चष्मेवालीचा, एक घेतला, ज्याला तासाभरापूर्वी हसत पास केलं होतं. त्यावरही खसखशीएवढाच. आणखी काही पाहिले. तेच.

त्या संध्याकाळी त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. ओट्याला टेकून सगळं सांगितलं.

"मी खोटं नाही केलं गं. ठिपका होता. पण तिचा कप म्हटला की मला तो वाटाण्याएवढा दिसतो."

"कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही. आणि उद्याच साहेबांनी दोघींना बोलावलंय."

जागा आमच्या ताईंनाच मिळावी, असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "मग गप्प बसा. मशीन आलं की सगळ्यांना माप एकच."

"मशीनला ठिपका केवढा धरायचा, ते मुख्यच सांगणार ना? म्हणजे माझी जळजळ मी त्यातही भरून ठेवू?"

मी चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नेमकं तेच विचारलं, सकाळच्या पाळीचा माल दुसऱ्यात का जातोय? चष्मेवाली खाली बघत होती. ताई म्हणाल्या, "माल चांगला आहे, साहेब. तपासणारी बिघडलीय. मला हिचा हेवा वाटतो आणि तो नजरेत उतरलाय. आजपासून गाड्या बिनपाटीच्या येऊ द्या. कुणाचा माल ते तपासून झाल्यावर कळलं तरी चालेल."

साहेबांच्या आधी चष्मेवालीच म्हणाली, "मला शंका होतीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची टिचकी खोटी म्हणायची कुणी? भट्टीसुद्धा तुम्हाला घाबरून असते, ताई."

म्हणे साहेबही हसले.

त्या आठवड्यात निकाल लागला. ताई आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने.

"गेली ना जागा?" मी विचारलं.

"मिळाली. साहेब म्हणाले, मशीनला शिकवणारं माणूस स्वतःवर शंका घेणारं हवं."

"मग तोंड का असं?"

"तिने येऊन अभिनंदन केलं." ताईंनी पदराने घाम पुसला. "मनापासून केलं गं. तेही जमतं तिला."

मला हसू आवरेना. त्यांनी माझ्यावर डोळे वटारले, मग स्वतःच जराशा हसल्या.

"सोमवारपासून तिला माझ्या शेजारी बसवतेय. मशीन तिच्याकडूनच शिकणार."

"जमेल तुम्हाला?"

"जळेन थोडी. पण लांब ठेवली तर ती माझ्या डोक्यात वाढत बसेल. शेजारी असली की निदान आहे तेवढीच दिसेल."