बांधाखालचे शेजारी

मुलांना होडी चालवता यावी म्हणून मी नार्नूरकडच्या शेतात ओढ्यावर मातीचा बांध घातला. बांधाखाली राहणारे शेजारी रोज येतात आणि बशीतला चहा फुंकत पाण्याकडे बघतात. वाद ते कधीच घालत नाहीत.

मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मी सांडव्याला बारीक जाळी लावली, तेव्हा ते म्हणाले, “काडीकचरा अडकला अन् पाणी बांधावरून आलं, तं?”

मी उतार, उंची, पाऊस सगळं कागदावर मांडून दाखवलं.

“हिशेब बराबर हाये, भाऊ. आभाळ भरून राह्यलं. आज मुक्कामाले आमच्याच घरी या.”

माझ्या आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. मी लगेच हो म्हणालो आणि निघण्यापूर्वी जाळी काढून ठेवली.