दाऊदमास्तरांचा शेरा

कोणतंही पुस्तक हाती आलं की दाऊदमास्तर आधी विचारायचे, "हे लिवलंय कुनी? जिकनाऱ्यानं का हरनाऱ्यानं?" पौडच्या एका मुसलमान दुकानदाराचे हे चिरंजीव मुळशी खोऱ्यातल्या आमच्या शाळेचे हेडमास्तर होते. मी त्यांच्या हाताखालचा शिक्षक.

धरणासाठी जमिनींची मोजणी सुरू झाली, त्याच सुमारास त्यांना पुण्याच्या जुन्या बाजारात पेरू देशातल्या इंका राजांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून ते गावाला त्यातलं मराठीत सांगत. त्या पुस्तकातल्या पंडितांचा वाद मोठा होता. एक म्हणे, इंकांच्या राज्यात कुणी उपाशी नव्हतं. दुसरा म्हणे, कुणी मोकळं नव्हतं.

"पन दोगांचाबी आधार इंकांना जिकनाऱ्या स्पेनवाल्यांचीच कागदं!" मास्तर उसळले. "इंकांचं दप्तर दोऱ्यांच्या गाठींत. त्या गाठी वाचनारं मानूसच ऱ्हायलं न्हाई. आपली बखर आपुनच लिवायची."

त्यांनी एक वही उघडली. पाटील, खातेदार, सगळ्यांचं म्हणणं उतरवून घेतलं. तेव्हा मेंढरं थांबवून ऐकत असलेली सरुबाई धनगरीण म्हणाली, "मास्तर, त्या इंकानंबी कुनाचं तरी रान घेतलं आसंल की. त्यांचं कुनी लिवलं?"

मास्तरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "लई थोडं लिवलंय, बाई." त्यांनी नवी वही आणली. तिच्यात पहिली सरुबाई, मग कातकऱ्यांची वस्ती, पाटील शेवटी.

पुढे धरणाचा एक साहेब चावडीत आला. 'गावकऱ्यांनी राजीखुशीने जमिनी दिल्या' असा कागद कारकुनाने वाचला आणि साक्षीदार म्हणून आम्हा दोघांपुढे सरकवला. नोकरीच्या धाकाने मी सही केली. मास्तरांनी माझ्या सहीखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'मी हजर होतो. कोणीही राजी नव्हते.'

"हा कागद खराब केलात तुम्ही," कारकून ओरडला.

"खराब हुता, दुरुस्त केला."

महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. पुढे गावही पाण्याखाली गेलं.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी पौडला गेलो. ती सही मला सलत होती. म्हणालो, "मास्तर, माझी साक्ष खोटी."

"खोटी व्हय. पन का केली, ते ठावं हाय न्हवं? मग त्येबी लिवा. भ्यालो हुतो म्हनून लिवा. नाव घालून."

लिहिलं आहे. खाली नाव घालतो आहे : विठ्ठल रामजी, दुय्यम शिक्षक.