ब्रग घोडे सांभाळतोय

लॉर्ना प्रेवेटने तीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि तेवढीच वर्षं दर रविवारी दुपारी आम्हा चौघा-पाचांना एका खोट्या जगात फिरवलं. टास्मानियातल्या बर्नीत, तिच्या गॅरेजमध्ये, मासे ठेवायच्या जुन्या फ्रीजशेजारी टेबल असायचं. त्यावर फासे, पेन्सिली आणि प्रत्येकाच्या पात्राचा एकेक कागद. जग लॉर्नाच्या डोक्यातलं; आपलं पात्र काय करतं ते आम्ही बोलून सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवायचे. आम्ही त्यात लढायचो, मरायचो, आणि कुणी मेलं की खरी मजा सुरू व्हायची: त्याचा आत्मा कुठे गेला यावर वाद.

"डोंगरातल्या बुटक्यांच्या जातीचा आत्मा दगडात मुरतो," लॉर्ना सांगायची. "रानातल्या यक्षांचा झाडात."

"आणि माणसांचा?" वेन विचारायचा. तो प्लंबर, प्रत्येक गोष्ट कुठेतरी वाहून जातेच, असं त्याचं मत.

"ते मी अजून ठरवलं नाही."

"वीस वर्षं झाली, बाई. माझे चार मेलेत, ते काय रांगेत उभे आहेत?"

"असू देत उभे. जिवंतपणी तरी कुठे कामाचे होते?"

त्या वादांसाठी आजही जीव तुटतो माझा. देवाधर्मावर ज्यांचा काडीचा विश्वास नाही अशी आम्ही माणसं, चहा गार होईपर्यंत कागदी आत्म्यांवरून हमरीतुमरीवर यायचो.

आमची एक रीत होती. कुणी आलं नाही, की त्याचं पात्र मागे राहून घोडे सांभाळतंय असं धरायचं. घोड्यांपाशी असलेल्याला इजा होत नाही, हा लॉर्नाचा कायदा.

तिचा नवरा कॉल याचं पात्र बुटक्यांच्या जातीतलं, ब्रग नावाचं. एका मे महिन्यात कॉल हृदयविकाराने गेला. दोन रविवारांनी आम्ही टेबलाशी बसलो, तेव्हा वेनने घसा खाकरला. "ब्रगचं काय करायचं? दगडात...?"

लॉर्नाने मान वर केली नाही. "कॉल आज आलेला नाही. ब्रग घोडे सांभाळतोय. टाक फासे."

अकरा वर्षं ब्रगने घोडे सांभाळले. अकरा वर्षं आम्हीही घोडे सोडावे लागतील अशा वाटेला गेलो नाही. समोर बेटावर खजिना असला तरी होडीत पाय ठेवला नाही. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग लॉर्नाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. शेवटच्या रविवारी ती नाकात नळी घालून टेबलाशी बसली आणि म्हणाली, "ज्यूड, एक कोरा कागद दे."

"तू खेळ चालवतेस," मी म्हटलं. "तुला पात्र कशाला?"

"खेळ चालवणाऱ्याला त्या जगात आत्मा नसतो, असं मीच ठरवून बसले होते. चुकलं माझं. दे कागद."

तिने तीन फासे टाकले. ताकद तीन. याहून कमी पडूच शकत नाही.

"परत टाक," वेन म्हणाला. "कोण बघतंय?"

"गप रे. आहे ते आहे." तिने सावकाश लिहिलं. जात: माणूस. नाव: लॉर्ना.

"माणूस? अगं, त्यांचं मेल्यावर काय होतं ते तू अजून..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि पेन्सिल ठेवली.

ती गुरुवारी गेली. रविवारी आम्ही तरीही जमलो. लॉर्नाची खेळाची वही आता माझ्याकडे होती. मी हजेरी घेतली, शेवटी तिचं नाव आलं.

"लॉर्ना आज आलेली नाही," मी म्हटलं.

"घोडे सांभाळतेय," वेन म्हणाला, आणि तिचा कागद ब्रगच्या कागदाशेजारी ठेवला.