गोल पिनेचा कीबोर्ड

आमच्या घरी दसऱ्याला देवांपेक्षा अवजारांचा थाट जास्त असतो. वसईजवळच्या गिरीजला आमची केळीची आणि भाजीची वाडी. त्या दिवशी कोयता, पहार, कुदळ अशी सगळी मंडळी धुऊन-पुसून पाटावर बसतात. सासूबाई एकेकाला पाणी शिंपडून हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल वाहत पुढे सरकतात. विहिरीवरच्या पंपाला पाटावर येता येत नाही, म्हणून त्याच्याकडे त्या स्वतः जातात. पूजलेल्या अवजाराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा त्यांचा कडक कायदा. मी घरात बसून लग्नपत्रिका, हळदीची आमंत्रणं, गावच्या उत्सवाची पत्रकं टाइप करून द्यायला लागले, तेव्हापासून माझा कॉम्प्युटरही त्या रांगेत आला.

गेल्या वर्षी घोळ झाला. कॉम्प्युटर फार तापायचा म्हणून मी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं. इतकी वर्षं सासूबाई बाहेरच्या पत्र्यालाच कुंकू लावत होत्या. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच आतलं दर्शन घडलं. मग त्यांनी काही कसर ठेवली नाही. फुलाने पाणी शिंपडलं, आतल्या हिरव्या पाटीवरच्या प्रत्येक डबीला हळदकुंकू लावलं आणि पंख्यावर मूठभर अक्षता वाहिल्या. मी तेव्हा स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. पंखा करकरला, जळका वास आला आणि खेळ आटोपला.

मी आधी घर डोक्यावर घेतलं. मग आत डोकावले, तर सगळ्या डब्या कुंकू लावून हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णींसारख्या ओळीने बसलेल्या. मला हसू आवरेना. सासूबाई मात्र दारात उभ्या होत्या, चेहरा पडलेला.

“मी पानी शिंपडलं म्हनून गेलं ना ते?”

“नाही हो आई, जुनं झालं होतं.”

माझं खोटं त्यांना लगेच कळलं. त्या दिवसापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. केर काढायचा तर तोही उंबऱ्याबाहेरून, हात लांब करून. मला ते फार लागायचं, पण समजूत कशी घालावी ते सुचत नव्हतं.

सुदैवाने डिस्क वाचली, त्यामुळे जुनं काम कुठे गेलं नाही. प्रश्न नव्या मशीनचा होता. विरारला राहणाऱ्या माझ्या मुलीने फोनवर निकाल दिला, “मम्मी, आता बंदच कर ना. लोक पत्रिका मोबाइलवर पाठवतात. एवढं करायचंच असेल तर सरळ मॅक घे, टेन्शन खतम.”

‘बंदच कर’ हे तिने किती सहज म्हटलं! पत्रिकेत कुणाच्या मामाचं नाव राहिलं तर लग्नात रुसवेफुगवे कसे होतात, कुणाचं नाव कुणाच्या वर घ्यायचं, हे सगळं मला पाठ आहे. लोक माझ्या ओटीवर येऊन बसतात, चहा पितात, घरातली भांडणंही सांगून जातात. ते सगळं बंद करून मी काय करायचं होतं? मला काम सोडायचं नव्हतं, आणि हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

खरी भीती वेगळीच होती. लग्नाआधी मी वसईत टाइपरायटरच्या क्लासला जायचे. तिथे बोटांना जे मराठी लागलं, ते आजतागायत तसंच आहे. ‘क’ कुठे आहे ते विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण बोट बरोब्बर तिथेच जातं. जुना कॉम्प्युटर त्याच टाइपरायटरच्या चालीने चालायचा. नव्यांमध्ये अक्षरांची मांडणी वेगळी असते हे मी ऐकून होते. पन्नाशी उलटल्यावर बोटांना पुन्हा बिगरीत बसवायचं म्हणजे काम सुटल्यातच जमा.

म्हणून मी माझी परीक्षा ठरवली. जे मशीन येईल त्याच्यासमोर बसायचं, डोळे मिटायचे आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ इथून पत्रिकेची सुरुवात टाइप करायची. डोळे उघडल्यावर समोर पत्रिका दिसली पाहिजे.

रविवारी मुलगी तिचा मॅक घेऊन आली. काय देखणं मशीन! आवाज नाही, वायरींचं जंजाळ नाही, पडद्यावरची अक्षरं छापल्यासारखी. मी डोळे मिटून टाइप केलं आणि उघडून पाहिलं, तर ‘क’च्या जागी नुसती पाय मोडल्याची खूण. श्रीकृपा कुठल्या कुठे. मुलगी म्हणाली, “अगं, सवय होईल.” मी म्हटलं, “तुला स्वयंपाकाची झाली तशी?” ती हसली आणि तिने मॅक मिटून पिशवीत टाकला.

पुढच्या शुक्रवारी, कारखान्याची सुट्टी होती तेव्हा, माझा दीर आला. तो वालीवला साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग करतो. त्याने त्याच्या लॅपटॉपवर नव्या विंडोजमध्ये टाइपरायटरची मांडणी शोधून बसवून दिली. मांडणी बरोबर होती, पण लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर बोटं घसरत होती. मी माझा जुना कीबोर्ड पुढे केला. अक्षरं पुसून गेलेला, विटेसारखा जड, शेपटाला गोल पीन. लॅपटॉपला तसं भोकच नाही. त्याने मधे एक जोडणी आणून लावली, तर ती चारपाच अक्षरांमागे एखादं गिळून टाकायची.

“वहिनी, हा कीबोर्ड आता टाकून द्या.”

“तुझ्या आईला कोयता टाकायला सांगून बघ आधी.”

जग आधी सिस्टीम निवडतं, मग मशीन. आमच्याकडे उलटी वरात निघाली. गोल पीन जिथे बसेल ते कॅबिनेट शोधायचं, आणि त्या कॅबिनेटवर जी सिस्टीम चालेल ती आपली. त्याच्या कारखान्यात मशीनं बदलत होती. मालकाला विचारून त्याने गोल भोकाचं एक कॅबिनेट आणलं. नव्या विंडोजसाठी ते फार जुनं, म्हणून त्याने त्यावर लिनक्स नावाची हलकी, फुकटची सिस्टीम टाकली. भाषांच्या यादीत टाइपरायटरची मांडणीही निघाली.

मी बसले. डोळे मिटले. उघडले तेव्हा श्रीकृपेपासून ‘आपले नम्र’पर्यंत सगळी पत्रिका समोर उभी होती. मला एकदम भरून आलं. “वहिनी, कॉम्प्युटर चालू झालाय, रडता काय?” दीर म्हणाला. त्याला काय कळणार! माझी बोटं मला परत मिळाली होती. पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर मात्र निराळं निघालं. ते मी कुरकुरत, चुकत शिकले, आणि आता इतकी रुळले आहे की मुलीलाच चार गोष्टी सांगते.

एवढं होऊनही सासूबाई खोलीत येईनात. “चाललंय ना तुजं? मंग झालं,” एवढंच बाहेरून म्हणायच्या.

यंदाचा दसरा आला. कोयते पुजले, पंप पुजला. तबक घेऊन त्या माझ्या दाराशी आल्या आणि थांबल्या. मी कॅबिनेटचं झाकण घट्ट लावलं होतं, ते ठोकून दाखवलं. “या ना आई, आता काही होत नाही.”

त्या आत आल्या. कॅबिनेटकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं, पण हात काही पुढे करेनात. मग खाली पाट मांडला.

“बस गो. हात दे इकडं.”

मला वाटलं, तबक धरायला सांगताहेत. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले, फुलाने पाणी शिंपडलं आणि एकेका बोटाला हळदकुंकू लावलं. चुलीवर आणि वाडीत त्यांचे हात खरखरीत झालेले. एकही बोट त्यांनी सोडलं नाही.

“मशीन काय, आज हे हाय, उद्या ते,” एवढं बोलून त्या उठल्या.

मी डोळे पुसून पुऱ्यांचं पीठ मळायला गेले, तर त्या आधीच परातीपाशी बसलेल्या. तेवढ्यात ओटीवरून कुणीतरी हाक मारली, पत्रिकेत काकांचं नाव घालायचं राहिलं होतं, घाईचं होतं. सासूबाईंनी आतूनच ओरडून सांगितलं, “उद्या ये! तिचे हात पुजलेत आज.”

लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी दसऱ्याला नुसती बसून होते. पुऱ्या त्यांनी तळल्या. पानही त्यांनीच वाढलं.