सकाळी सव्वानऊचा बर्फ

"म्हेत्रे, ह्याला बर्फ म्हणायचं का चिखल?"

माने सर गुडघ्यापर्यंत रुतून बसले होते आणि तिथूनच विचारत होते. मोहोळच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं ड्रिल शिकवलेली. रिटायर झाल्यावर पहिली टूर आमच्याबरोबर. पायाला स्की, म्हणजे पुढून वर वळलेल्या लांब फळ्या, बांधून ते चार पावलं गेले आणि पाचव्याला बसले. फळ्या घसरायच्याच नाहीत. ओल्या बर्फाला चिकटून बसायच्या.

गुलमर्गला दुपारचा एक वाजला होता. एप्रिलचा पहिला आठवडा. खालच्या मैदानात गवत उघडं पडलं होतं. बर्फ उरला होता तो वरच्या उतारावर, आणि त्याचंही पाणी होत होतं.

त्या वेळी मी सोलापुरात नव्या पेठेतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर होतो. कंपनी म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक फोन. तिरुपती, रामेश्वर, म्हैसूर या आमच्या नेहमीच्या टूर. काश्मीर पहिल्यांदाच. आमचे मालक बसप्पाअण्णा. त्यांनी ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'बर्फावर स्कीइंग करा!' आमची सत्तावीस माणसं त्या एका ओळीवर आली होती.

त्यांच्यात इरप्पाशेठ होते. नव्या पेठेतच त्यांचं कापडाचं दुकान. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"म्हेत्रे, माझ्या दुकानात दिवसाला शंभर माणूस येतंय. सगळी विचारणार, शेठ, बर्फावर घसरला का? मी काय सांगू? बसलो म्हणून सांगू?"

ही धमकी नव्हती. खरंच होतं ते. नव्या पेठेत एका दुकानात बोललेलं संध्याकाळपर्यंत शेवटच्या दुकानात पोहोचायचं. पहिल्याच टूरचं नाव खराब झालं असतं, तर दुसरी निघाली नसती.

स्की शिकवणारा रशीद नावाचा इन्स्ट्रक्टर होता. तिशीचा, उन्हाने चेहरा रापलेला. तो शांतपणे सगळ्यांच्या पायांतल्या स्की सोडवत होता. मी त्याच्यावरच घसरलो. बर्फावर नाही, तर निदान कुणावर तरी.

"बर्फ नहीं था तो पहले बताना था ना!"

"बर्फ है साहब," तो म्हणाला. "आप का टाइम ग़लत है."

मग त्याने समजावून सांगितलं. सीझनच्या शेवटी बर्फ दिवसातून तीनदा बदलतो. रात्री गोठतो, म्हणून सकाळी काचेसारखा कडक असतो. त्यावर नवखा माणूस गेला तर हाडं मोडतील. दुपारी उन्हाने तो भिजून जड होतो. त्यात स्की रुततात. या दोन्हींच्या मध्ये, ऊन चढलं की, वरचा बोटभर थर तेवढा सुटतो. खाली कडक, वर मऊ. ती वेळ दीड-दोन तासांची. शिकणाऱ्यासाठी त्याच्यासारखा बर्फ जानेवारीतही नसतो, असं तो म्हणाला.

मी ते ग्रुपला मराठीत सांगितलं. शेठच्या बायको गंगव्वा लगेच म्हणाल्या, "म्हंजे कडक भाकरीच की. कोरडी खाल्ली तर दात पडतेत, आमटीत लई भिजली तर लगदा. मधीच खायची."

माझ्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा हे सगळ्यांना जास्त कळलं.

आता प्रश्न आयटिनररीचा होता. आयटिनररी म्हणजे टूरचं छापील वेळापत्रक. कोणत्या दिवशी कुठे, किती वाजता. आमचा मुक्काम श्रीनगरला होता. तिथून गुलमर्ग अडीच तास. ऊन चढायच्या आत उतारावर उभं राहायचं तर पहाटे पाचला बस सुटायला हवी. आणि दुसऱ्या दिवसासाठी छापलेलं होतं: सकाळी मुघल गार्डन, दुपारी शॉपिंग.

श्रीनगरला परतल्यावर मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. दोन तास बाकावर बसलो तेव्हा लाइन मिळाली.

"अण्णा, उद्या परत गुलमर्ग करतो. गार्डन दुपारी. शॉपिंग कॅन्सल."

"बेड, बेड!" अण्णांना नको म्हणायचं असलं की कन्नडच तोंडात यायचं. "छापलंय तसं कर. उद्या बी बर्फ मऊ निघाला तर? शॉपिंग बी गेली, बर्फ बी गेला. माणसं तुला तिथंच पुरून येतील."

"माणसं शॉपिंगला आली नाहीत, अण्णा."

मग अण्णा म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर कर. मला विचारलं न्हाईस असं समज."

मी रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर उभा राहिलो. उद्याही फजिती होऊ शकते, हे लपवलं नाही. कोण येणार, म्हणून विचारलं. शॉपिंगवाल्या बायका कुजबुजल्या. गंगव्वांनी सगळ्यांत आधी हात वर केला. मग शेठना करावाच लागला. हळूहळू सत्तावीसही हात वर गेले.

हात वर करणं सोपं असतं. थंडीत सत्तावीस सोलापूरकरांना चहा, अंघोळ, पूजा उरकून पाचला बसमध्ये बसवणं सोपं नसतं. मी त्याच काळजीत होतो. माने सर म्हणाले, "ते माझ्यावर सोडा."

पहाटे चारला हॉटेलात शिट्टी वाजली. ड्रिलची शिट्टी, सर ती खिशात घेऊनच आले होते. "उटा! अंगुळ परत आल्यावर! पाच मिन्टात रांगेत!" स्वेटरवर स्वेटर, वर सोलापुरी चादरी पांघरलेली माणसं मुकाट्याने रांगेत आली. चार पन्नासला बस सुटली. माझ्या सबंध नोकरीत एवढ्या वेळेवर सुटलेली दुसरी बस मला आठवत नाही.

साडेसातला आम्ही पोहोचलो. बर्फ खरंच काचेसारखा होता. शेठना घाई. "चला की, कशाला थांबायचं?" रशीदने हातातली काठी बर्फात खुपसली. टक् आवाज आला. "अभी नहीं." आठला पुन्हा टक्. साडेआठला तेच. अण्णांचा आवाज कानात घुमायला लागला.

सव्वानऊला काठी बोटभर आत गेली आणि थांबली. रशीद हसला. "चलो."

स्कीचे जोड सहाच होते, म्हणून पाळी लावली. रशीदने थांबायचं कसं ते आधी शिकवलं: अंगठे जवळ, टाचा लांब, गुडघे वाकलेले. माने सर पहिले. वीस पावलांचा उतार, सरळ खाली. बर्फ पायाखाली साखरेसारखा चुरचुरत होता. सर घसरत गेले, टाचा फाकवल्या आणि थांबले. उभे थांबले. मागे वळून आमच्याकडे बघितलं. तीस वर्षं मुलांना 'थांब' सांगणारा माणूस पहिल्यांदा स्वतः थांबला होता, आणि डोळे पुसत होता.

गंगव्वांनी शेठची पॅन्ट चढवून, वर लुगडं खोचून तीन फेऱ्या मारल्या. एकदाही पडल्या नाहीत. शेठ सातदा पडले. प्रत्येक वेळी सगळ्यांनी मोठ्याने आकडा मोजला.

अकराला रशीदने स्की गोळा करायला सुरुवात केली. शेठ ऐकेनात. "एकच!" गेले, आणि मांडीपर्यंत रुतले. त्यांना चौघांनी ओढून काढलं. तेही हसत होते.

सोलापूरला परतल्यावर अण्णांनी शाबासकी दिली नाही. एवढंच विचारलं, "शॉपिंगची तक्रार कुणाची?" कुणाचीच नव्हती. पुढच्या वर्षीच्या ब्रोशरवर मी न सांगता एक ओळ वाढली: 'स्कीइंग सकाळी. पहाटे उठावे लागेल.' बुकिंग दोन बसचं झालं.

पुढे ऑफिसात नवीन माणसं आली की मी त्यांना सांगायचो, वेळापत्रक ऑफिसात छापतात, पण ते पाळायचं की नाही हे जागेवर गेल्यावर ठरवायचं असतं. अण्णा बाहेर गेलेत याची मात्र आधी खात्री करून घ्यायचो.