पुलाखालच्या तिसऱ्या आन् दोन चमचे रस्सा

नणंदेचं लगीन झाल्यापास्नं तिचं एकच, "वैनी, खाडी बघायला ये की." यंदा गेलेच, दीड वर्साच्या परीला घेऊन. मालक फौजेत. त्यांनी फोनवर बजावलं, पाणी उकळूनच दे.

कडेगावातनं सकाळची यष्टी, कराडला बदलायची, तितनं चिपळूणची गाडी. बायांना अर्धं तिकीट हाय. पाटणला भजी लय भारी, पन खाऊ नका. कुंभार्ली घाटात माजी समदी भायेर आली. परी मातूर माकडं बघून हसत हुती.

नणंदेचं घर खाडीला लागूनच. दुसऱ्या दिवशी ओहोटीला बाया चिखलात तिसऱ्या वेचत हुत्या. तिसऱ्या म्हंजे बारक्या शिंपल्या, आत नखाएवढं मांस. आमाला भुईमूग वेचायची सवय, मी पन पदर खोचला. पुलाखाली कुनीच न्हवतं. म्हनलं, बरं झालं, आयतं रान गावलं. निम्म्या शिंपल्या नुसत्याच उघड्या, रिकाम्या. तरी डबाभर झाल्या.

घरी अर्धा तास उकळल्या. परीला सर्दी हुती, म्हनून दोन चमचे रस्सा पाजला. तिनं चाटून आनिक मागितला.

तवर नणंदेच्या सासूबाई आल्या. कुठल्या गो ह्या, म्हनल्या. पुलाखालच्या, म्हनलं. त्यांनी पातेलंच उचलून खाली ठिवलं.

"तिथं वरच्या कारखान्यांचं पाणी येतं. आम्ही तिथलं खात नाय."

"आवं मावशी, अर्धा तास उकळल्यात."

"उकळून जंतू मरतो गो बाय. केमिकल कसं मरेल?"

तशीच परीला उचलून दवाखान्यात. नर्सबाई म्हनल्या, दोन चमच्यानं काय हुनार न्हाई, पन उलटी-जुलाबावर ध्यान ठेवा. दिसभर मी तिच्या तोंडाकडं बघत बसले आन् ती खेकड्यामागं पळत हुती. काय झालं न्हाई तिला.

मावशी सांगत हुत्या, आदी घरामागंच तासात टोपली भरायची. आता त्या होडीनं पार खाडीच्या तोंडाशी जात्यात. तितल्या तिसऱ्या सांजच्याला केल्या, खोबरं वाटून. मी दोनदा वाढून घेतलं. परीला दहीभात.

तुमी जावाच, लय झ्याक मुलूख हाय. फकस्त जितं गावातल्या बाया वेचत न्हाईत, तितं वेचू नका.

घरी आले, नळाचं पाणी गॅसवर ठिवलं. मालकांचा फोन आला. उकळून देतीस न्हवं?

व्हय, म्हनलं. पन पयल्यासारखं पटकन म्हनता आलं न्हाई.